हँडलसाठी कुणी घरात राहतं का?

नाही, पण मला एक सांगा, दाराचं हँडल चांगलं आहे म्हणून कुणी घरात राहतं का हो? राहतं? तुम्ही राहाल? "दुसरीकडे मोठ्ठं घर मिळतंय, पगार मिळतोय, पण काय करणार, ह्या दाराचं हँडल इतकं गुळगुळीत आहे की इथून पायच निघत नाही," असं म्हणणारा माणूस पाहिलाय तुम्ही? नाही ना? मीही नाही पाहिला. पण आमच्या ह्यांना वाटलं! तुम्हाला सांगते, ह्यांच्या डोक्यात एकदा काही शिरलं ना, की ते कानावाटे बाहेर येत नाही, तोंडावाटे येत नाही, थेट हातात उतरतं... आणि हात कसले? टपालातले! सरका जरा, बसते. उभ्यानं सांगण्यासारखी गोष्ट नाही ही.

तुम्ही विचारलंत ना मगाशी, "एवढं छान बैठं घर होतं म्हणता, मग ह्या वयात ह्या बिल्डिंगीत भाड्यानं कशाला आलात?" ऐका मग.

आमचे हे टपालखात्यात होते. पत्रं लावायला. म्हणजे समोर खणच खण असलेलं भिंतभर कपाट, आणि हे उभ्यानं एकेक पत्र उचलणार, पत्ता वाचणार, आणि ज्याच्या त्याच्या खणात सारणार. जन्मभर तेच. हातोडी म्हणून कधी धरली नाही ह्या माणसानं! घरात खिळा मारायचा झाला तर स्टुलावर मी, आणि हे खाली उभं राहून "जपून, जपून" म्हणणार. म्हणजे खिळ्याला म्हणत होते का मला, ते काही आजवर कळलं नाही. तर असा हा माणूस, निवृत्त झाला, आणि एक दिवस सकाळी उठून हार्डवेअरच्या दुकानात गेला. का गेला? तेच तर सांगतेय.

घर आमचं गल्लीच्या टोकाला. पुढे पायऱ्या, मग बाहेरची खोली, मग एक लांबलचक अंधारा पॅसेज, त्याच्या एका अंगाला आमची खोली, दुसऱ्या अंगाला मुलगा-सुनेची, आणि शेवटी स्वयंपाकघर. मुलगा ऑफिसात जाणार, सूनबाई घरूनच काम करणार, खोलीत टेबल टाकून, कानात ते फोनचं बोंडूक घालून. नात लहान. म्हणजे बोलायला मोठी आणि वयानं लहान. तर एक दिवस काय झालं, सून फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. वाईट नाही हो ती, गोड आहे पोर, काही वाईट बोलत नव्हती. म्हणाली, "माणसं फार चांगली आहेत गं, पण घर... सगळं जुनं, कोंदट. सकाळी पॅसेजमधून येताना मला वाटतं, मी कुणाच्या तरी पोटातून चाललेय." झालं! हे तिथंच बाथरूममध्ये दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल कोरा, तसेच माझ्याकडे स्वयंपाकघरात. "अगं, तिला आपल्या घरात कोंदटल्यासारखं होतं."

मी म्हटलं, "मलाही होतं. लग्न झाल्यापासून होतंय. मला कधी विचारलंत?"

तर म्हणतात कसे, "तू कुठं जाणारेस?"

मी हातातलं लाटणंच उगारलं होतं! पण त्या अर्ध्या फेसाच्या तोंडाकडे बघितलं ना, तेव्हा मला कळलं, की ह्यांना भीती वाटलीय. पोरं निघून जातील ह्याची भीती. शेजारची गेली, समोरची गेली, मागच्या गल्लीतल्या सबंध रांगेत आता नुसते म्हातारे एकमेकांच्या दाराच्या बेली वाजवतात. पण हे बोलतील तर शपथ! बोलायचं सोडून ह्यांनी फोन उघडला. आणि फोनमध्ये होता तो हसऱ्या.

हसऱ्या हे नाव मी ठेवलं. घराच्या दुरुस्त्या सांगणारा एक माणूस होता, चोवीस तास दात दाखवून हसणारा. दोन्ही हात पसरून यायचा, "नमस्कार, नमस्कार, नमस्कार मंडळी! घर तेच, भिंती त्याच, पण किंमत? वाढता वाढता वाढे! घर विकण्याआधी फक्त एवढं करा! छोटा बदल... मोठा फरक!" आणि ते 'मोठा फरक' म्हणताना हात असे पसरायचा, की मला वाटायचं आता हा फोनबाहेर पडून माझी बरणी पाडणार.

मी म्हटलं, "अहो, हा घर विकणाऱ्यांना सांगतोय. आपल्याला विकायचंय का?"

"छे! भलतंच काय! पण विचार कर, जे विकत घेणाऱ्याला आवडतं तेच राहणाऱ्याला आवडणार ना? घराची किंमत वाढली म्हणजे माणसालाही त्याची किंमत कळते."

टपालातलं डोकं. सगळं बरोबर खणात घातलं, फक्त खण चुकला.

आणि गेले दुकानात. आणलं हँडल. मुलाच्या खोलीच्या दारासाठी. चकचकीत, थंडगार, हातात धरलं की एखाद्या मोठ्या साहेबाशी हात मिळवल्यासारखं. हसऱ्या म्हणाला होता, "चहा उकळेपर्यंत होणारं काम!" चहा उकळला, गाळला, प्यायलो, कप धुऊन पालथे घातले, दुपारचं जेवण निवत आलं, तरी ह्यांचं आपलं, "अगं, तो लांब स्क्रू दे... तो नव्हे, तो त्याचा धाकटा भाऊ." शेवटी बसलं एकदाचं. उलटं! म्हणजे खाली दाबलं की बंद, आणि वर उचललं की... तेही बंद. पण हे ह्यांना बाहेरून कळेना, म्हणून आतून बघायला हे आत गेले, दार लोटलं... खट्!

आत सून. तिची मीटिंग सुरू झालेली. समोर पडद्यावर तिचे सगळे साहेब, मागं दाराशी हातात पाना घेतलेला तिचा सासरा! बाहेर मी, किल्लीच्या भोकाला कान लावून. तर आतून तिच्या साहेबाचा आवाज, हा असा, नाकातून, "मॅडम, तुमच्यामागे कुणाचं तरी डोकं हलतंय का?" आणि आमची सून काय म्हणाली असेल? "नाही सर, ते... शोभेचं आहे." झालं! शोभेचं डोकं मटकन खाली बसलं. टेबलाच्या आडोशाला, फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. खोकला आला तर पाना दातात धरायचे म्हणे. तिनं टेबलाखालून पाण्याची बाटली सारली, ह्यांनी टेबलाखालूनच रिकामी परत दिली. नात येऊन विचारतेय, "आजी, आजोबा आत काय करतायत?" म्हटलं, "मीटिंग."

शेवटी मीच फटीत सुरी घालून दार उघडलं. हे बाहेर येईनात. का? तर गुडघे धरले! मग सुनेनं दोन्ही हात धरून उठवलं, आणि इतकी हसली, इतकी हसली, डोळ्यांतून पाणी काढलं पोरीनं. म्हणाली, "बाबा, कशाला करता हो एवढं?" आणि हे, घामानं निथळलेले, शर्ट फरशीच्या धुळीनं माखलेला, एकदम साधेपणानं म्हणाले, "तुला इथं बरं वाटावं म्हणून गं."

आणि तिचं हसू थांबलं. म्हणजे दिवा घालवल्यासारखं थांबलं. खाली बघायला लागली. मला तेव्हा वाटलं, पोर भारावली. किती भोळं असावं माणसानं!

पण तुम्हाला सांगते, छोटा बदल, मोठा फरक! त्या दिवसापासून आमच्या घराला जी कळा चढली! ह्यांच्या अंगात यायचंच बाकी होतं. हँडल सुलटं केलं. नळ बदलला. नव्या नळाला पाण्याचा जोर इतका, की पहिल्यांदा सोडला तेव्हा मी भांडी घासतेय का भांडी मला घासतायत तेच कळेना. बिजागऱ्यांना तेल घातलं, तर दारं इतकी बिनआवाजाची झाली की कोण कधी मागं येऊन उभं राहतंय पत्ता लागेना, नुसतं दचकणं सुरू. मग रंग! ह्यांनी सुनेला विचारलं, "कुठला आवडतो?" ती म्हणे, "तुम्हाला आवडेल तो द्या ना बाबा." "नाही, तूच सांग." शेवटी बिचारी म्हणाली, "फिकट पिवळा. लोण्यासारखा." हे दुकानातून ते रंगांच्या पट्ट्यांचं पुस्तक घेऊन आले, खिडकीशी जाऊन बघताहेत, दिव्याखाली धरून बघताहेत, माझ्या गालाला लावून बघताहेत! आणि एवढं बघून डबा उघडून मारला तर काय? पोरांच्या खोलीला कावीळ! भिंती पिवळ्याजर्द, आत उभ्या राहिलेल्या माणसालाही डॉक्टरकडे न्यावंसं वाटेल अशा. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. पुन्हा खरवडलं, पुन्हा मारला. आणि दुसऱ्यांदा मात्र... खोटं कशाला बोलू, लोणीच उतरलं हो भिंतीवर. संध्याकाळी खिडकीतून उन्हं आली ना, तर खोली अशी मऊ दिसायची, की बोलताना आवाज आपोआप खाली यायचा. ह्यांच्या कानात मात्र रंग गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाला, "आजोबा, कान रंगवायचा होता का?"

आणि तो पॅसेज! ते पोट! त्याच्या छपरात मिस्त्री बोलावून ह्यांनी एक काच बसवून घेतली. फार मोठी नाही, ताटाएवढी. पण दुपारी त्यातून उजेडाचा एक तुकडा खाली पडायचा, आणि हळूहळू सरकत सरकत स्वयंपाकघराकडे जायचा. आमच्या नातीनं काय केलं, आपली छोटी खुर्ची घेतली आणि त्या उजेडात बसली चित्रं काढत. उजेड सरकला की हिची खुर्ची सरकली. उजेड सरकला, खुर्ची सरकली. आणि हे शेजारी फरशीवर बसून नुसते बघताहेत. जेवायला हाका मारतेय मी, "अहो, या!" तर बोट ओठांवर ठेवून मला गप्प करतात. जसं काही कुणी गातंय तिथं. मी ह्यांना लग्नातसुद्धा एवढं खूश बघितलं नव्हतं. आता ह्यात माझा अपमान आहे, पण जाऊ दे.

मुलगा संध्याकाळी घरी आला की हे पाठोपाठ. बोलणार काही नाहीत, नुसते खोलीच्या दारात उभे. तो एकदा भिंतींवरून नजर फिरवून म्हणाला, "मस्त झालंय हं बाबा. आता हे घर कुणालाही आवडेल."

हे आठवडाभर शीळ घालत हिंडले! "ऐकलंस का? आवडलं म्हणाला." मी म्हटलं, "'कुणालाही' म्हणाला." "तेच ते!" म्हणाले. तेच ते कसं? पण मीही सोडून दिलं. मलाही वाटायला लागलं होतं ना, की असेल बाई, असेल त्या हसऱ्याच्या बोलण्यात काहीतरी. छोटा बदल, मोठा फरक. राहतील पोरं.

मग ह्यांनी पाटी करून आणली. दारावर लावायची, नावांची. जन्मभर पाकिटांवरची नावं वाचली माणसानं, आणि स्वतःच्या दारावर नुसता नंबर! तर कापडात गुंडाळून आणली, मला डोळे मिटायला लावले, आणि उघडून दाखवली. सगळ्यात वर नातीचं नाव. मग सुनेचं. मग मुलाचं, मग माझं. आणि सगळ्यात खाली, उरलेल्या जागेत, दाटीवाटीनं, स्वतःचं. मी म्हटलं, "अहो, घरमालकाचं नाव वर असतं." तर म्हणाले, "पत्र कुणाचं येणारेय आता मला?"

स्वतः लावली. सरळ लागली! पहिल्या फटक्यात! संध्याकाळी मुलगा आला, आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत, काही माहीतच नसल्यासारखे बसलेले. पायऱ्यांवर पावलं वाजली. थांबली. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मी खिडकीतून डोकावले तर हा पायरीवर बसून बुटाची नाडी सोडतोय, बांधतोय, सोडतोय. बूट काढायला किती वेळ लागतो हो माणसाला? आत आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "काहीतरी गेलं डोळ्यात." आणि हे काय म्हणाले? "रंग ताजा आहे ना अजून, झोंबतो." उठून त्याला पाणी आणून दिलं डोळ्यांवर मारायला!

आणि त्यानंतर एक दिवस मुलानं सकाळीच एका मित्राला घरी आणलं. म्हणजे मित्र म्हणून आणलं. चांगला कपडेवाला, तोंडात पेपरमिंट, आणि नजर? मी पाण्याचा पेला पुढं केला तर पेल्याकडे बघेना, माझ्याकडे बघेना, छताच्या कोपऱ्यांकडे बघतोय. आलेलं माणूस आधी माणसांकडे बघतं का नाही? ह्यानं आधी भिंत वाजवली. टक्, टक्. मी पेला मागं घेतला. पण आमचे हे! हे त्याचा हात धरून घर दाखवायला निघाले. "या, या, हे बघा, हे हँडल. मी बसवलं. दाबून बघा ना. नाही, लाजू नका, दाबा!" तो दाबतोय. "आणि हा नळ. आणि ही काच, अहो, दुपारी या तुम्ही, उजेड बघायला या खास!" आणि तो मान डोलावतोय, "वा, काका! वा! क्या बात है! चांगलीच किंमत वाढवलीत घराची!" आणि हे फुलून आले हो. मान अशी ताठ. तो मागं राहून मुलाच्या कानात काही बोलतोय, हातवारे करून चौरस दाखवतोय, आणि हे पुढं पुढं, "इकडं या, अजून एक गंमत दाखवतो..." सगळ्या गावाचे पत्ते तोंडपाठ असलेला माणूस, आणि ह्याला पत्ताच नाही! मला इतकं वाटलं, धावत जावं, ह्यांचा हात धरावा आणि म्हणावं, अहो नका दाखवू, एक तरी गोष्ट लपवून ठेवा! पण मी नुसता पेला घेऊन उभी.

त्याच दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, "बाबा, बोलायचं होतं."

हे म्हणाले, "बोल की. तुझ्या मित्राला आवडलं ना घर?"

"बाबा, तो मित्र नाही. घरांचा एजंट आहे." मग एकदम धरण फुटल्यासारखा सुटला. "मला नोकरी मिळालीय बाबा. लांब. विमानानं जायचं लांब. ह्यापेक्षा चांगली संधी परत यायची नाही. तिथं घर घ्यायचं तर इथलं विकल्याशिवाय जमत नाही, आणि तिथं जागा एवढीशी की सगळ्यांना लगेच नेता यायचं नाही. तुम्हाला कसं सांगू तेच कळेना. रोज ठरवायचो आज बोलू, आणि रोज तुमचं तोंड बघितलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि मग एक दिवस ऑफिसला निघताना बघतो तर तुम्ही हँडल बदलताय! म्हटलं, हे काय नवीन? तर तुमच्या फोनवर तो माणूस ओरडतोय, 'घर विकण्याआधी एवढं करा.' बाबा, मी त्या दिवशी ऑफिसच्या जिन्यात बसून रडलो. म्हटलं, बाबांना कळलंय. मी न सांगता कळलंय, आणि एक शब्द न बोलता ते माझ्यासाठी घर तयार करून देतायत." थांबला. आणि मग, लहानपणी शाळेतून निकाल घेऊन यायचा तेव्हा जसं तोंड करायचा ना, अगदी तसं तोंड करून म्हणाला, "कळलं होतं ना तुम्हाला, बाबा?"

तुम्हाला सांगते, ताटावर भांडं आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ह्यांचा घास हातात. मी ह्यांच्याकडे बघतेय. सून ह्यांच्याकडे बघतेय. ह्यांनी घास परत ताटात ठेवला, पाणी प्यायले, पेला खाली ठेवला, आणि हसले. चांगले खदाखदा हसले हो! "मग? तुला काय वाटलं, उगाच ह्या वयात कानात रंग भरून घेतला मी?"

मुलगा उठला, खरकट्या हातानंच मिठी मारली बापाला. एवढा मोठा बाप्या, हुंदके देऊन रडला. "तुम्ही सोडवलंत मला, बाबा, सोडवलंत." आणि हे त्याची पाठ थोपटतायत, "अरे वेडा का तू, अरे वेडा का," आणि त्याच्या खांद्यावरून समोर बघतायत. कुठं? दारातून दिसणाऱ्या त्या लोण्याच्या भिंतीकडे.

सून ताटं उचलून आत आली. मी मागोमाग. नळ सोडला तिनं मोठ्ठा, आवाज व्हावा म्हणून, आणि माझा हात धरला. "आई, त्यांना नव्हतं हो माहीत. त्या दिवशी मला म्हणाले होते, तुला इथं बरं वाटावं म्हणून." मी म्हटलं, "मला माहीत आहे. तू नवऱ्याला बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललेत ते. इतकं छान जमलंय, मोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी हे दाढी करत होते, तेव्हा मी दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, "अहो, खरं का नाही सांगितलंत?"

आरशातूनच म्हणाले, "त्याला काय सांगायचं होतं? तुला अडकवून ठेवायला हँडल बसवत होतो, म्हणून?"

आणि वस्तरा फिरवला. मी आपली टॉवेल देऊन आले.

घर विकलं गेलं. इतक्या झटकन विकलं गेलं की तो एजंटच तोंडात बोटं घालून बसला. "काकू, माझ्या हातून आजवर एवढ्या पटकन घर गेलं नाही. काकांनी कमाल केली!" म्हणजे बघा, ह्यांनी नळ गळका ठेवला असता, दारं करकरती ठेवली असती, भिंती तशाच कळकट ठेवल्या असत्या, तर निदान गिऱ्हाईक मिळेपर्यंत, नातीची खुर्ची अजून थोडे दिवस तरी सरकली असती की नाही तिथं? छोटा बदल, मोठा फरक! तो हसऱ्या भेटू दे मला कुठं, त्याचे दात मोजून हातात देते.

नवीन लोक आले ताबा घ्यायला. नवरा-बायको, भली माणसं. हे त्यांना सगळं समजावून सांगतायत. "हे दार आधी जरा ओढायचं, मग दाबायचं. रागानं नाही दाबायचं. नळ अर्धाच सोडा. आणि वरची काच अधूनमधून पुसत जा, धूळ बसली की उजेड अडतो." त्या बाईनं विचारलं, "काका, एवढं सगळं हौसेनं केलंत, आणि सोडून चाललात?" हे म्हणाले, "हो ना. हौस भागली." मग स्क्रू ड्रायव्हर काढून दारावरची पाटी उतरवली. एक ओरखडा नाही. हात इतका बसलेला होता एव्हाना.

पाटी नातीनं मागून घेतली. "मी तिकडे लावणार," म्हणाली. बॅगेत कपड्यांच्या मध्ये नीट ठेवली पोरीनं. आणि विमानतळावर काय? बॅग जड भरली! काट्यावरची ती बाई म्हणे, "काहीतरी कमी करा." आता भर गर्दीत बॅग उघडलेली, खाली कपड्यांचा ढीग, मागं रांग खोळंबलेली, सून रडकुंडीला आलेली, मुलगा हे काढू का ते काढू करतोय... ह्यांनीच हात घातला आणि पाटी काढून घेतली. "अरे, हिचं तिकडं काय काम? तिकडच्या टपालवाल्याला कुठं वाचता येणारेय आपलं!" म्हणून सगळ्यांना हसवलं. नात काचेच्या पलीकडं जाईपर्यंत हात हलवत होती. हे पाटी काखेत धरून दुसरा हात हलवत होते. पलीकडं गेली तरी हलवत होते. मी म्हटलं, "चला आता." तर म्हणाले, "थांब, मागं वळून बघेल." नाही बघितलं. लहान आहे हो. विमान दिसलं असेल समोर.

आणि मग आलो इथं. चांगलं आहे की इथं, काय वाईट आहे? लिफ्ट आहे, पाणी आहे. मुलानंच शोधून दिलं, दर आठवड्याला फोन करतो, उचलला नाही तर पुन्हा करतो. नाव ठेवायला जागा नाही. पण इथं सगळं नवं! घरमालकानं पहिल्याच दिवशी सांगितलं, "भिंतीला खिळा मारायचा नाही, काही मोडलं तर फोन करा, आमचा माणूस येईल." आणि मोडतच नाही हो काही! दारं मुकाट मिटतात, नळ मुकाट वाहतात. हे सकाळी उठतात, आंघोळ करतात, आणि दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसतात. मुलगा फोनवर विचारतो, "बाबा, काय करता दिवसभर?" "आराम!" म्हणतात. एवढ्या मोठ्यानं म्हणतात की मला आत ऐकू यावं. जेवण तुटलं. रात्र म्हणू नका, दिवस म्हणू नका, नुसतं आपलं ते बोटांनी हवेत काहीतरी पिळत बसणं.

मग एक दिवस माझ्या पाटाचा पाय निखळला. आपोआप, खरंच आपोआप. ह्यांनी तो उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला... आणि शीळ वाजली! इतक्या दिवसांनी! सकाळपासून दुपारपर्यंत त्या पाटाशी झोंबत होते. आणि मग जेवले. पोटभर जेवले, मागून घेऊन जेवले.

मग काय करणार? तेव्हापासून हे बाहेर गेले की मी आपली बसते काहीतरी सैल करत. एक दिवस कपाटाची बिजागरी. एक दिवस पातेल्याचा कान. चष्म्याची काडीसुद्धा मोडली मी माझी, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र दिसेना तेव्हा कळलं की जरा जास्तच झालं. परवा म्हणतात, "ह्या नव्या घरांचं काही खरं नाही बाई, रोज काहीतरी निखळतं. आपलं घर कसं टणक होतं!" मी म्हटलं, "होतं खरं." ओळखलं असेल का हो त्यांनी? ओळखलं असेल तरी बोलायचे नाहीत. खोटं बोलायला शिकलेत आता, चांगलं जमतंय.

चला, येतीलच ते भाजी घेऊन. आज काय सैल करावं, काही सुचत नाहीये. माझ्याकडचं सगळं एकेकदा मोडून झालंय... तुमच्याकडे आहे का हो काही मोडकं? नाही? मग एवढं करा ना माझ्यासाठी, काहीतरी मोडा.